वाचकांचे प्रश्न : शिरेतली नळी आणि सांध्यातला पू

अतिदक्षता विभागात रुग्णाच्या मानेतून, गळ्याच्या हाडाखालून किंवा जांघेतून मोठ्या शिरेत जी नळी घालतात आणि जिला सर्वजण ‘सेंट्रल लाइन’ म्हणतात, तिच्याविषयी या सदरात गेल्या महिन्यात लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांचा विषय जवळपास एकच आहे : या नळीच्या निमित्ताने सांध्यात होणारा जंतुसंसर्ग. ही गुंतागुंत विरळ आहे आणि विरळ असल्यामुळेच ती ओळखायला उशीर होतो, म्हणून या वेळचे सदर तिलाच दिले आहे. पत्रलेखकांची नावे आणि रुग्णालयांचे उल्लेख गाळले आहेत.

प्रश्न : माझे यजमान ५८ वर्षांचे असून त्यांना मधुमेह आहे. न्यूमोनिया झाल्यामुळे त्यांना आयसीयूत ठेवावे लागले, तेव्हा मानेच्या उजव्या बाजूने सेंट्रल लाइन टाकली होती. घरी आल्यावर तिसऱ्या आठवड्यात उजवा खांदा दुखू लागला आणि हात वर नेता येईना. मधुमेहींना फ्रोझन शोल्डर (खांदा जखडणे) होतोच, असे सांगून शेक, व्यायाम आणि वेदनाशामक गोळ्या दिल्या. पुढे गळ्याच्या हाडाच्या आतल्या टोकाशी सूज आणि लाली आली, तेव्हा सीटी स्कॅन केला आणि तिथल्या सांध्यात पू असल्याचे निघाले. शस्त्रक्रिया झाली असून आता सहा आठवडे शिरेतून इंजेक्शने चालू राहणार आहेत. लाइन मानेत होती, मग पू सांध्यात कसा गेला? हा हलगर्जीपणा समजायचा का? – एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्या जागेच्या रचनेत आहे. गळ्याच्या मधोमध जी खळगी असते, तिच्यात बोट ठेवून ते थोडे बाजूला सरकवले की हाडाचे एक गोलसर टोक हाताला लागते आणि खांदा पुढे-मागे केला की ते हलताना जाणवते. गळ्याचे हाड आणि छातीचे मधले हाड यांचा तो सांधा. हात धडाच्या सांगाड्याला हाडाने जोडणारा एवढा एकच सांधा असूनही बहुतेकांना तो आपल्याला आहे हेच ठाऊक नसते. या सांध्याच्या बरोबर मागे मानेतून उतरणारी मोठी शीर आणि हाताकडून येणारी मोठी शीर एकमेकींना मिळतात. म्हणजे नळी मानेतून घातलेली असो वा गळ्याच्या हाडाखालून, हृदयाकडे जाताना ती या सांध्याच्या मागूनच जाते.

तिथून जंतू सांध्यात शिरण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला मार्ग सुईचा : शीर शोधताना सुई हाडाच्या कडेला किंवा सांध्याच्या आवरणाला टेकली, तर त्वचेवरचे जंतू थेट तिथे पोहोचतात. हे गळ्याच्या हाडाखालून नळी घालताना अधिक संभवते. दुसरा मार्ग शेजाराचा : नळीच्या मार्गात किंवा नळीभोवती शिरेत धरलेल्या रक्ताच्या गाठीत संसर्ग होतो आणि तो लगतच्या सांध्यापर्यंत सरकतो. तिसरा मार्ग रक्ताचा, आणि तो या दोन्हींपेक्षा दूरवर पोहोचणारा आहे. नळी शिरेत काही दिवस राहिली की तिच्या पृष्ठभागावर जंतूंचा बुळबुळीत थर धरू शकतो, विहिरीच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते तसा. औषध त्या थराच्या आत नीट पोहोचत नाही आणि त्यातून अधूनमधून जंतू सुटून रक्तात जातात. सांध्याच्या आतल्या अस्तराला रक्तवाहिन्या भरपूर असतात, पण बहुतेक अवयवांच्या अस्तराखाली असते तसली आधारपटलाची गाळणी त्याला नसते. त्यामुळे रक्तातले जंतू सांध्यातल्या द्रवात सहज उतरतात. या मार्गाने गुडघा, खुबा, खांदा, मणक्यांमधली चकती, कोणतीही जागा धरली जाऊ शकते. नळी उजव्या बाजूला होती म्हणून डावा गुडघा निर्दोष ठरत नाही.

आपल्या यजमानांच्या बाबतीत यांपैकी कोणता मार्ग होता, हे आज कोणीही खात्रीने सांगू शकणार नाही. मात्र नळीची बाजू आणि सांध्याची बाजू एकच आहे, मधुमेह आहे आणि दुखणे नळी काढल्यानंतर काही आठवड्यांतच सुरू झाले आहे, या तिन्ही गोष्टी एकत्र पाहता संबंध नसेल असे मानणे कठीण आहे. २००४ मध्ये या सांध्याच्या संसर्गाच्या १८० रुग्णांचा एक आढावा प्रसिद्ध झाला होता. त्यात संसर्ग झालेली सेंट्रल लाइन हे कारण शंभरात सुमारे नऊ रुग्णांत आढळले होते, मधुमेह सुमारे तेरा जणांत, तर जवळपास पाव भाग रुग्णांत कोणतेच कारण सापडले नव्हते. जवळजवळ निम्म्या रुग्णांत दोषी जंतू एकच होता, तो म्हणजे स्टॅफिलोकोकस ऑरियस. हा निरोगी माणसांच्याही नाकात आणि त्वचेवर वस्तीला असतो आणि नळीचे भोक ही त्याला आयती वाट असते.

खांदा का दुखला, असे आपण विचारले नाही, पण सारा उशीर तिथेच झाला. हा छोटा सांधा हात उचलताना प्रत्येक वेळी हलतो. तो सुजला की वेदना खांद्यात, मानेत किंवा छातीत जाणवते आणि रुग्ण बोट ठेवतो ते खांद्यावर. मधुमेहात फ्रोझन शोल्डर खरोखरच वारंवार होतो, त्यामुळे पहिला अंदाज तिकडे जाणे अनैसर्गिक नाही. तरीही या निदानाबद्दल मला थोडे परखडपणे लिहिले पाहिजे. फ्रोझन शोल्डर हळूहळू जखडत जातो. आयसीयूतून आलेल्या मधुमेही माणसाला दोन-चार दिवसांत खांदा हलवणे अशक्य झाले, तर शर्ट उतरवून गळ्याच्या हाडाच्या दोन्ही टोकांवर बोटाने दाबून पाहणे हा तपासणीचाच भाग आहे. त्याला अर्धे मिनिटही लागत नाही आणि पैसा तर लागतच नाही. साध्या एक्स-रेवर विसंबण्यात अर्थ नसतो, कारण हाडातला बदल त्यावर दिसायला दहा दिवस ते दोन आठवडे जातात आणि या सांध्यावर मणका व बरगड्यांची सावलीही पडते. ताप नव्हता म्हणूनही निश्चिंत राहता येत नाही. आढाव्यातल्या सुमारे एक-तृतीयांश रुग्णांना ताप नव्हता. शिवाय वेदनाशामक गोळ्यांनी असलेला ताप उतरतो आणि दुखणे झाकले जाते. आपल्या पत्रात खांद्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन दिल्याचा उल्लेख नाही, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. मधुमेहात ते साखरही चढवते आणि जवळच संसर्ग असेल तर त्याला मोकळे रान देते.

या सांध्याचे आवरण घट्ट असते, ते फारसे ताणले जात नाही. गुडघ्यात पू झाला तर गुडघा फुगतो आणि सर्वांना दिसतो. इथे मात्र पू आवरण फोडून बाहेर पडतो आणि पुढे छातीच्या भिंतीत किंवा मागे फुप्फुसांच्या मधल्या जागेत पसरतो. वर सांगितलेल्या आढाव्यात निम्म्याहून अधिक रुग्णांत शेजारचे हाड किडले होते, सुमारे पाव भाग रुग्णांत छातीच्या भिंतीत गळू झाले होते आणि शंभरात सुमारे तेरा जणांत संसर्ग छातीच्या मध्यापर्यंत गेला होता. म्हणूनच या सांध्याचा संशय आला की सीटी किंवा एमआरआय करतात आणि हाड किडले असेल किंवा पू मागे पसरला असेल तर नुसत्या औषधांवर न थांबता शस्त्रक्रिया करतात. हाडाचा थोडा भाग काढावा लागला तरी हाताच्या रोजच्या कामात बहुतेकांना फारसा अडथळा राहत नाही, ही माहिती यजमानांना अवश्य द्या.

शस्त्रक्रियेत निघालेल्या पुवाचे कल्चर, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी, झाले असेलच. त्याचबरोबर तो क्षयरोगासाठी, म्हणजे सीबीनॅट या जनुकीय चाचणीसाठी आणि क्षयरोगाच्या कल्चरसाठी, पाठवला होता का हे एकदा विचारून घ्या. क्षय या सांध्यालाही होतो, तो सावकाश वाढतो आणि आपल्याकडे त्याचा विचार न करणे परवडणारे नाही. जंतू स्टॅफिलोकोकस ऑरियस असेल आणि तो रक्तातही सापडला असेल, तर हृदयाच्या झडपांवर संसर्ग नाही ना, हे पाहण्यासाठी टू-डी एको करतात; तो झाला आहे का, तेही विचारा. सहा आठवड्यांची मुदत ऐकून घरातले सगळे हबकतात आणि चौथ्या आठवड्यात, बरे वाटू लागले की, खर्चाचा हिशेब सुरू होतो. हाडात पोहोचलेल्या संसर्गाला चार ते सहा आठवडे लागतातच. औषध कोणत्या दिवशी थांबवायचे हे सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी रक्ततपासणी) आणि तपासणी पाहून डॉक्टरांना ठरवू द्या. आणखी एक गोष्ट : ही इंजेक्शने देण्यासाठी पुन्हा एखादी लांब नळी दंडातून घातली असेल, तर तीही सेंट्रल लाइनच आहे. तिच्या ड्रेसिंगकडे आणि तिच्या बाजूच्या हाताला सूज येते का, याकडे लक्ष असू द्या.

आता हलगर्जीपणाविषयी. सर्व काळजी घेऊनही काही नळ्यांना संसर्ग होतो, आणि काळजी न घेतल्यानेही होतो. केवळ परिणाम पाहून या दोहोंत भेद करता येत नाही. तो भेद नोंदींतून कळतो. नळी कोणत्या तारखेला, कोणत्या शिरेत, किती प्रयत्नांत घातली, सोनोग्राफीचा आधार घेतला का, ड्रेसिंग कधी बदलले, नळी कधी काढली आणि ती काढली त्या दिवशी तिची गरज खरोखर संपली होती की त्याच्या चार दिवस आधीच संपली होती? डॉक्टरांच्या व्यावसायिक आचरणाविषयीच्या २००२ च्या विनियमांनुसार रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत नातेवाइकाने मागणी केल्यास नोंदींच्या प्रती ७२ तासांत द्याव्या लागतात आणि या नोंदी तीन वर्षे जपून ठेवणेही बंधनकारक आहे. तक्रार करायची की नाही हे नंतर ठरवा, पण नोंदी आत्ताच मागून ठेवा. पुढच्या उपचारासाठीही त्या हव्यातच. आपल्याकडच्या डिस्चार्ज कार्डावर औषधांची यादी पानभर असते, पण सेंट्रल लाइनविषयी एक ओळ क्वचितच दिसते. ती ओळ आपल्या यजमानांच्या कार्डावर असती, तर खांदा तपासणाऱ्या डॉक्टरांचे बोट कदाचित पहिल्याच भेटीत योग्य जागी गेले असते.

प्रश्न : माझी नात सातव्या महिन्यातच, तिसाव्या आठवड्यात जन्मली. काचेच्या पेटीत असताना शीर मिळेना म्हणून तिच्या जांघेतून नळी घातली होती. काही दिवसांनी नर्सताईंच्या लक्षात आले की लंगोट बदलताना ती कळवळून रडते आणि उजवा पाय हलवत नाही. खुब्यात पू झाला होता. त्याच रात्री शस्त्रक्रिया केली. आता ती चार महिन्यांची आहे. एक्स-रेत खुब्याचा गोळाच दिसत नाही, असे कोणीतरी म्हणाले आणि सुनेने अन्नपाणी सोडले आहे. मुलगी चालेल का? – एक आजी, नांदेड

उत्तर : आजी, आधी सुनेला जेवायला घाला. एक्स-रेत खुब्याचा गोळा दिसत नाही, एवढ्यावरून काहीच ठरत नाही. जन्मतः मांडीच्या हाडाचा हा गोळा संपूर्ण कूर्चेचा, म्हणजे मऊ हाडाचा असतो आणि कूर्चा एक्स-रेत दिसत नाही. त्यात हाडाचा ठिपका उमटतो तो साधारणपणे चार ते सहा महिन्यांच्या सुमारास. आपली नात तर दहा आठवडे आधी आली आहे, म्हणजे तिचे खरे वय चार महिन्यांतून दहा आठवडे वजा करून मोजायचे. ते दोन महिन्यांहूनही कमी भरते. या वयात सुदृढ बाळाच्या एक्स-रेतही गोळा दिसणार नाही. शिवाय खुब्यात संसर्ग होऊन गेला असेल तर हा ठिपका उमटायला आणखी उशीर होऊ शकतो. गोळा जागेवर आहे का आणि त्याचा आकार कसा आहे, हे आज पाहायचे असेल तर खुब्याची सोनोग्राफी करावी लागते, आणि तरीही शंका राहिली तर एमआरआय.

जांघेतली शीर आणि खुब्याचा सांधा यांच्यात मोठ्या माणसाच्या शरीरात स्नायूंचा जाड थर असतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळात हे अंतर फारच थोडे असते, त्यामुळे सुई जराशी खोल किंवा बाहेरच्या बाजूला गेली तर ती सांध्याच्या आवरणापर्यंत पोहोचू शकते. जांघेतून नुसते रक्त काढतानाही असे घडल्याची उदाहरणे १९६० च्या दशकापासून बालरोगतज्ज्ञांनी नोंदवली आहेत. पण सगळा दोष सुईलाच देता येत नाही. नाळेतून किंवा हातापायातून घातलेल्या नळीला संसर्ग झाला तरी तो रक्तावाटे खुब्यात उतरतो, आणि तान्ह्या बाळांच्या हाडांची रचना त्याला मदतच करते. सुमारे दीड वर्षापर्यंत हाडाच्या वाढीच्या थरातून आरपार जाणाऱ्या सूक्ष्म रक्तवाहिन्या असतात, म्हणून हाडात शिरलेला जंतू सहज सांध्यात जातो. खुब्यात तर हाडाचा तो भाग सांध्याच्या आवरणाच्या आतच असतो. एवढ्या लहान बाळांत एकाच वेळी एकाहून अधिक सांधे धरले जातात, त्यामुळे बाकीचे सांधेही तपासले होते का, हे विचारण्यासारखे आहे.

तान्ह्या बाळांचा हा आजार लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातील शल्यविशारद टॉमस स्मिथ यांनी १८७४ मध्ये वर्णन केला. त्या काळी शिरेतल्या नळ्या नव्हत्या आणि प्रतिजैविकेही नव्हती. अनेक बाळे दगावत आणि जी वाचत त्यांच्या खुब्याचा गोळा विरघळून गेलेला असे. आज बहुतेक बाळे वाचतात. मात्र गोळ्याचे भवितव्य अजूनही पू किती लवकर बाहेर काढला यावरच ठरते. सांध्यात दाब वाढला की गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो, पुवातली पाचकद्रव्ये कूर्चा खातात आणि आवरण ताणले गेल्याने गोळा खोबणीतून निसटूही शकतो. लक्षणे दिसल्यापासून चार-पाच दिवसांहून अधिक उशीर झाला तर परिणाम वाईट होण्याची शक्यता स्पष्टपणे वाढते. आपल्या नातीची शस्त्रक्रिया त्याच रात्री झाली, ही फार मोठी जमेची बाजू आहे, आणि तिचे श्रेय आधी त्या नर्सताईंना जाते. अशा बाळाला बहुधा ताप येत नाही, ते फक्त दूध कमी पिते आणि एक पाय निपचित ठेवते. दुखल्यामुळे न हलवलेला हा पाय लकवा मारल्यासारखा दिसतो आणि कधीकधी मज्जातंतूंचे दुखणे समजून त्यावर वेगळेच उपचार सुरू होतात.

मुलगी चालेल का, याचे प्रामाणिक उत्तर असे की ती चालण्याची शक्यता भरपूर आहे; ती सरळ चालेल का, हे मात्र पुढच्या काही वर्षांत कळेल. संसर्गाने वाढीचा थर दुखावला असेल तर पायाच्या लांबीत पडणारा फरक पहिल्या वर्षी दिसत नाही, मूल वाढू लागल्यावर दिसतो. त्यामुळे जखम भरली म्हणजे काम संपले असे न मानता, सुरुवातीला दर दोन-तीन महिन्यांनी आणि पुढे वाढ पूर्ण होईपर्यंत वर्षातून एकदा तरी लहान मुलांच्या अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवत राहा. खुबा सैल वाटला तर ते पट्टे किंवा प्लास्टर देतील. ते घातल्यावर मूल किरकिरते म्हणून आजीने ते सोडू नये, ही विनंती. चालायला अठरा महिन्यांपर्यंत वेळ लागू शकतो आणि हे अठरा महिनेही दुरुस्त वयाचे, म्हणजे ते दहा आठवडे वजा करून, धरायचे. तोवर मांड्या एकमेकींना घट्ट चिकटतील असे बाळाला बांधू नका, पाय सरळ ओढून मालीश करू नका. मांड्या फाकवून कडेवर घेण्याची आपली जुनी पद्धत खुब्यासाठी उत्तम आहे. आशाताई घरी येतात तेव्हा त्यांच्या वहीत वजनाबरोबर ‘उजवा खुबा, संसर्ग, शस्त्रक्रिया’ अशी नोंद करायला सांगा. बाळाच्या फाइलमध्येही नळीची नोंद असायलाच हवी.

प्रश्न : माझे डायलिसिस मानेतल्या नळीतून चालू आहे, हातातला फिश्चुला (डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने केलेली धमनी-शिरेची जोडणी) अजून तयार नाही. नळीमुळे सांध्यांत पू होतो हे वाचून धास्ती वाटते. सध्या कंबर दुखते. नळी काढून टाकावी का? – एक वाचक, पनवेल

उत्तर : नळी आपणहून काढायला सांगू नका, डायलिसिस तिच्यावरच चालले आहे. पण कंबरदुखी डायलिसिसच्या डॉक्टरांना याच आठवड्यात सांगा, पुढच्या तपासणीची वाट पाहू नका. डायलिसिसच्या नळीतून रक्तात गेलेले जंतू मणक्यांमधल्या चकतीत घर करतात आणि त्याची पहिली खूण पुष्कळदा एवढीच असते : विश्रांती घेऊनही न थांबणारी, रात्री जागवणारी कंबरदुखी. पायात मुंग्या किंवा अशक्तपणा आला, लघवी अडली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. संशय असेल तर रक्ताचे कल्चर, सीआरपी आणि एमआरआय करतात. दरम्यान दुकानातून डायक्लोफेनॅकची पट्टी आणून घेऊ नका. ती उरल्यासुरल्या मूत्रपिंडालाही घातक आहे आणि दुखणे झाकणारीही.

मशीन सुरू केल्यावर हुडहुडी भरत असेल आणि मशीन बंद झाल्यावर ती ओसरत असेल, तर नळीला संसर्ग असल्याचा तो सर्वांत बोलका पुरावा असतो, कारण नळीतून रक्ताचा जोराचा प्रवाह सुरू होताच तिच्या आतले जंतू अंगभर जातात. ‘डायलिसिसला थंडी वाजतेच’ म्हणून पांघरूण घेऊन पडून राहणारे रुग्ण मी पाहतो, आणि प्रत्येक वेळी मला त्याचा संताप येतो. अशा वेळी प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी एक नमुना नळीतून आणि एक हाताच्या शिरेतून किंवा मशीनच्या रक्तमार्गातून घेऊन कल्चरला पाठवायला हवा. नळीतल्या नमुन्यात जंतू दुसऱ्या नमुन्यापेक्षा दोन तास किंवा त्याहून आधी वाढले, तर संसर्गाचे मूळ नळीत आहे असे मानतात. आधी औषध देऊन मग कल्चर पाठवले तर बहुतेकदा काहीच उगवत नाही आणि पुढचे सगळे उपचार अंदाजाने करावे लागतात. सांध्यातून पाणी काढतानाही हाच नियम लागू आहे : रुग्णाची प्रकृती ढासळत नसेल तर नमुना आधी, औषध नंतर.

आंघोळ मानेखालून करा, ड्रेसिंग ओले होऊ देऊ नका, नळी उघडताना आपण आणि नर्स दोघांनीही मास्क लावा आणि डायलिसिसखेरीज कोणालाही त्या नळीतून सलाइन देऊ देऊ नका किंवा रक्त काढू देऊ नका. फिश्चुला अजून तयार नाही असे आपण लिहिता. त्याला साधारण सहा ते आठ आठवडे किंवा अधिक लागतात, पण तो करून बराच काळ लोटला असेल तर त्याची डॉप्लर तपासणी करून घ्या. तो सुरू होईपर्यंत तात्पुरती नळी लांबणार असेल, तर त्वचेखालून बोगदा करून बसवलेल्या पर्मकॅथचा विचार डॉक्टरांशी बोलून करा. त्यात संसर्गाचे प्रमाण कमी असते.

प्रश्न : मी जीएनएम या नर्सिंग अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. जांघेतली लाइन सर्वांत घाण, हे खरे का? दर सात दिवसांनी लाइन बदलल्याने संसर्ग टळतो का? काढलेल्या प्रत्येक लाइनचे टोक कल्चरला पाठवावे का? – एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात असते त्याहून थोडे वेगळे आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधील एका मोठ्या चाचणीत प्रौढ रुग्णांच्या तीनही जागा ताडून पाहिल्या, तेव्हा संसर्ग व शिरेतल्या रक्ताच्या गाठी मिळून गळ्याच्या हाडाखालच्या नळीत सर्वांत कमी आढळल्या, मान आणि जांघ यांत मात्र फारसा फरक दिसला नाही. गळ्याच्या हाडाखाली फुप्फुसाला इजा होण्याचा धोका तुलनेने जास्त असतो, म्हणजे सवलत कुठेच नाही. डायलिसिसच्या रुग्णात ती जागा टाळतात, कारण तिथली शीर आकुंचन पावली की त्या हातातला फिश्चुला वाया जातो.

ठरावीक दिवसांनी नळी बदलल्याने संसर्ग घटत नाही, सुया मात्र वाढतात. घटतो तो नळी वेळेवर काढल्याने. अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या अतिदक्षता विभागांत हात धुणे, नळी घालताना पूर्ण निर्जंतुक गाऊन-चादर, क्लोरहेक्सिडिनने त्वचा पुसणे, शक्य तिथे जांघ टाळणे आणि अनावश्यक नळी काढणे, एवढ्या पाच गोष्टी काटेकोरपणे केल्यावर नळीच्या रक्तसंसर्गाचा मध्यक दर (मीडियन), दर हजार नळी-दिवसांमागे (एका रुग्णात एक दिवस नळी म्हणजे एक नळी-दिवस), २.७ वरून तीन महिन्यांत शून्यावर आला. तो अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात महागडे असे काहीच नव्हते. त्या आराखड्यात नियम मोडताना दिसला तर डॉक्टरला थांबवण्याचा अधिकार नर्सला दिलेला होता. आपल्याकडे हा अधिकार कागदावर आला तरी तो वापरायला किती जणी धजावतील, याची मला शंका आहे.

टोक कल्चरला पाठवायचे ते संसर्गाचा संशय असेल तेव्हाच. संशय नसताना पाठवले तर त्वचेवरचा एखादा जंतू उगवतो, रिपोर्टवर लाल शाईने खूण होते आणि ठणठणीत माणसाला आठवडाभर प्रतिजैविक मिळते. त्याऐवजी नळी काढताना जागा पाहा, गळ्याच्या हाडाचे आतले टोक दाबून पाहा, बाळ असेल तर दोन्ही पाय सारखे हलतात का ते पाहा, आणि नळीची तारीख, जागा व काढल्याचा दिवस डिस्चार्ज कार्डावर स्वतःच्या अक्षरात लिहा.